काटेमाठाचा काढा

कमरीपेठ, हुबळी
६ नोव्हेंबर

माया,

वर 'प्रिय' लिहिलं होतं, खोडलं. दिसत असेल तर बघू नकोस.

फोनवर तू मला बंद केलंस म्हणून हे कागदावर. तुझ्या बाळाबाई मावशीचा बेळगावचा पत्ता मी तुझ्या मैत्रिणीशी, अनिताशी, भांडून मिळवला. तिला बोलू नकोस, ती बिचारी शेवटपर्यंत 'नाही' म्हणत होती. मीच तिच्या दारात आवाज चढवला आणि शेजारचे बाहेर आले, म्हणून दिला तिने.

भांडायला लिहीत नाही. काम आहे म्हणून लिहितोय. आपलं विरजण मरायला लागलंय.

विसरली असशील तर सांगतो. फेब्रुवारीत कलघटगीच्या पुढच्या माळावर तू ओढणी पसरून धायटीची लाल फुलं झाडलीस. आसवं-अरिष्टं करणारे वैद्य हीच फुलं घालतात, कारण त्यांच्यावर यीस्ट आपसूक बसलेलं असतं, हे तूच सांगितलंस. मी मध-पाणी केलं, तू फुलं सोडलीस. आठवडा व्हायच्या आत बरणी बोलायला लागली, बुडबुड बुडबुड. तू कान लावून म्हणालीस, "दत्ता, हे जेवतंय बघ." मग अप्पांच्या दुकानातल्या दोन सारख्या बरण्यांत ते निम्मं निम्मं केलं. एक तुझ्या घरी, एक माझ्याकडे. एकाचं मेलं तर दुसऱ्याने द्यायचं, असं ठरलं होतं.

माझं आता बुडबुडत नाही. मध घातला, आणखी मध घातला, तरी नाही. वर नासक्या अंड्याचा वास सुटलाय.

तुझी बरणी जिवंत आहे का? एवढंच सांग. एका ओळीचं कार्ड टाक. बाकी काही लिहू नकोस.

दत्ता


कमरीपेठ
१५ नोव्हेंबर

माया,

कार्ड आलं नाही. पोस्टाचा घोळ असेल असं धरतो.

तू असतीस तर पहिलं वाक्य काय बोलली असतीस ते मला पाठ आहे. "नुसता मध नको ओतू. मधात गोडाशिवाय काय असतं? नुसत्या गोडावर कुणी जगत नाही. त्याला पालेभाजी दे." तू हसत नव्हतीस तेव्हा. मीच हसत होतो. यीस्टला पालेभाजी!

पण यंदाच्या पावसाळ्यात तुझ्या पालेभाजीनेच बरणी वाचली होती, हे मान्य. रायापूरला धारवाडच्या चिगरी बसमधून मधेच उतरायला लावलंस मला. रस्त्याच्या कडेला काटेमाठ माजला होता. तू कोवळे शेंडे खुडत होतीस आणि मी काटे टोचले की ओरडत होतो. ते वाळवायचे, गरम पाण्यात मुरवायचे, गाळायचे आणि तो काढा मध-पाण्यात घालायचा. दुकानातली खुराकाची पावडर नको, रानातलं फुकटचं आहे की, असं तुझं म्हणणं. गाळलेला काढा तू वाटीत ओतून माझ्यापुढे धरायचीस, "आधी चाखून बघ, आपण दुसऱ्याला काय भरवतोय ते कळायला नको?" मी कधी चाखला नाही. बैलाचं खाणं म्हणायचो.

आणि तू तरी कुठे आसव चाखलंस? कॉलेजात असतानाच्या माझ्या सप्तापूरच्या खोलीत पहिली बाटली उघडली तेव्हा तू नुसता वास घेतलास. डोळे मिटून, फार वेळ. मी म्हटलं एक घोट घे, घाबरतेस काय? तू म्हणालीस, "घाबरत नाही हे बघायलाच तर आलेय." मला वाटलं लाजतेस.

असो. तर काल मी एकटाच रायापूरला गेलो. काटेमाठ आणला, पण वाळवायला धीर कुणाला? तसाच उकळला. गार व्हायची वाट बघवली नाही. वाफा येत होत्या तसाच बरणीत ओतला.

आता बरणी बोलतच नाही. वासही गेला, चांगला-वाईट कुठलाच नाही. मी यीस्ट भाजलं की काय गं?

"आधी गार कर, मग ओत." किती वेळा म्हणाली असशील. काढ्याबद्दलच म्हणायचीस ना?

अप्पा मागून येऊन म्हणाले, "ह्याला शिकायला पाठवलं तर प्रयोगशाळेत सरांशी भांडून आला. दुकानात बसवलं तर गोदामात दारूची भट्टी." मी म्हटलं ती दारू नाही. ते म्हणाले, "सुम्मनिरो." गप्प बसलो. बघ, बसलो की गप्प!

कॉलेजचं तुला खरं सांगितलंच नव्हतं मी. परीक्षेच्या भीतीने सोडलं नाही. प्रयोगशाळेच्या फडताळात ठेवलेली माझी एक जादा बरणी कुणीतरी सिंकमध्ये ओतली होती. मी पाच मिनिटांत पाच वर्षांचं बोललो. दुसऱ्या दिवशी माफी मागून काम झालं असतं, पण दुसऱ्या दिवसापर्यंत मी गार होतो कुठे?

बरणी जिवंत असेल तर चमचाभर पाठव. बेळगावहून रोज इतक्या बस येतात.

दत्ता


कमरीपेठ
३० नोव्हेंबर

माया,

बरं. तू उत्तर देत नाहीस कारण दसरा. मग दसऱ्याबद्दलच बोलू.

माझी चूक काय झाली, मला खरंच कळत नाही. आमच्याकडे दसऱ्याला आपट्यासारखी बन्नीची पानं घेऊन घरोघर जातात. गल्लीतले कन्नड लोक पान हातात ठेवून 'बंगारदंग इरोण' म्हणतात, सोन्यासारखं राहू. आम्ही मराठीही तसंच म्हणतो. वर्षभर तोंड न बघणारी माणसं त्या दिवशी एकमेकांच्या ओसरीवर चढतात. अप्पा आणि समोरचे हार्डवेअरवाले सुद्धा! ज्याच्या घरात कधी पाऊल टाकता आलं नाही तिथे जायचा तो एकच दिवस. म्हणून मी तो दिवस धरला. तुझ्या बाबांना भेटायचं, पान द्यायचं आणि सांगायचं. रिकाम्या हाताने कसं जाणार? आपलं सगळ्यात स्वच्छ उतरलेलं आसव बाटलीत भरलं, गळ्याला बन्नीची डहाळी बांधली, चिठ्ठी चिकटवली. 'माया-दत्ता, पहिलं'. अक्षर चांगलं यावं म्हणून तीनदा लिहिली चिठ्ठी.

तुमच्याकडेही दसरा मोठा असतो हे माहीत होतं. कसला, ते विचारलं नव्हतं.

दार उघडं होतं. आत सगळी पांढऱ्या कपड्यांत बसलेली. बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या. तुझे बाबा पुढे बसून म्हणत होते आणि बाकीचे मागून. मी चप्पल काढली आणि दारातूनच मोठ्याने म्हटलं, "काका, बंगार घ्या! आणि हे आमचं दोघांचं!"

त्याच वेळी तुम्ही मद्यापासून लांब राहण्याचं वचन म्हणत होता, हे मला कसं कळणार? पाली मला येतं का?

कोपऱ्यातल्या आजी म्हणाल्या, "अगं बया, दारू घेऊन कोण आलं हे?" तिथेच मी गप्प राहायला हवं होतं. पण दारू म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. ही दारू नाही, विज्ञान आहे म्हणालो. तुम्ही खोकल्याला द्राक्षासव घेत नाही का म्हणालो. आणखी काय काय म्हणालो ते आता आठवत नाही, पण आवाज मोठा होता एवढं आठवतं. तुझे बाबा उठले, हात जोडून म्हणाले, "पोरा, आज नको." त्यांनी बाटलीकडे बघितलं, चिठ्ठी वाचली, आणि तुझ्याकडे बघितलं.

तू बाहेर आलीस. वाटलं, आता ओरडशील. तू नुसतं म्हणालीस, "घरी जा, दत्ता." मी बाटली उंबऱ्यावर ठेवून आलो. बन्नीची पानंही तिथेच.

मला सांग, एवढ्याशा गोष्टीवर माणूस गाव सोडतं? नोकरी लागायची होती तर हुबळीत कॉलेजं नव्हती?

दत्ता


८ डिसेंबर

माया,

परवा सहा तारीख. तू तुझ्या माणसांत असणार, म्हणून त्या दिवशी लिहिलं नाही. बघ, हे तरी शिकलो.

पण आज लिहितो. तू गर्विष्ठ आहेस. एका बाटलीसाठी माणूस टाकणारी. मी तुझ्यासाठी आईशी भांडलो. ती म्हणाली "पोरगी हुशार आहे, पण..." तो 'पण' पुरा होऊ दिला नाही, ताट सरकवून उठलो. आणि तुझ्याकडून एक कार्ड नाही! तुझी बरणी तुझ्याकडेच ठेव. मी बाजारातून यीस्टचं पाकीट आणतो. पाकिटातलं यीस्ट कुणाच्या घरचा दसरा विचारत नाही.

हे पत्र फाड.

द.


कमरीपेठ
२२ डिसेंबर

माया,

आधीचं पत्र फाडलंस ना? फाडलं नसशील तर आता फाड.

जिवंत आहे! ऐकतेस का? मेलं नव्हतं ते!

पाकीट आणलंच नाही. दुकानाच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. मग तुझ्या पद्धतीने केलं, सगळं. रायापूरला गेलो. रस्त्याच्या अगदी कडेचा नाही घेतला, तिथे तणनाशक मारतात असं तू म्हणायचीस, म्हणून आत चालत गेलो. शेंडे खुडले, गच्चीवर सावलीत वाळवले. अप्पा म्हणाले, "आता पाला वाळवायचा धंदा काय?" मी पाला उलटत राहिलो. काढा केला, पातेलं झाकून ठेवलं आणि दुकानात जाऊन बसलो. गिऱ्हाईकं केली. परत आलो तेव्हा बोट घालून बघितलं, गार. थोडासा गाळून मध-पाण्यात घातला, बरणीच्या तळाचा गाळ त्यात सोडला. थोडा काढा मागे ठेवला, दोन दिवसांनी द्यायला. एकदम भरवायचं नाही, हेही तुझंच.

काही दिवस काहीच नाही. मग काल दुपारी जेवून आलो तर एक बुडबुडा. मी खाली बसून बघत राहिलो. मग दुसरा. कान लावला तर तसाच आवाज, तू ऐकला होतास तसाच. आई दारातून म्हणाली, "एनाऽत? काय झालं, रडालास व्हय?" मी म्हटलं कांदा.

मी बदलतोय बघ. काढा गार होईपर्यंत थांबता येतं मला आता. माणसांशीही येईल.

तर एक विचारतो. संक्रांतीला तू हुबळीला येणारच, कॉलेजला सुट्टी असते. रायापूरच्या स्टॉपवर उतर. सकाळी दहापासून मी असेन, काटेमाठ असतो त्या बाजूला. येणार असशील तर दसऱ्याबद्दल एक शब्द काढणार नाही. तुझ्या बाबांचे पाय धरायला सांगितलंस तर धरीन. पण ये. तू आलीस की मला कळेल आपलं आहे. नाही आलीस तरी कळेल. तुझी बरणी आणलीस तर दोन्ही एकत्र करू, एवढं माझ्या मनात आहे. जास्त काही नाही.

तुझाच
दत्ता


कमरीपेठ
१६ जानेवारी

माया,

तू आली नाहीस हे तुला माहीतच आहे, ते कशाला लिहू. चिगरी एकामागून एक येत होत्या, दारं उघडत होती, मिटत होती. स्टॉपवरचा वॉचमन शेवटी म्हणाला, "यारिगे कायाकत्ती, तम्मा?" कुणाची वाट बघतोस बाबा. मी म्हटलं बसची. तो हसला.

पण काल कोण आलं ते तुला माहीत आहे का? तूच पाठवलंस की ते आपणहून आले, ते मी विचारलं नाही.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. तुझे बाबा दुकानाच्या पायरीवर उभे राहिले, हातात पिशवी. "जय भीम," म्हणाले. अप्पा गडबडले, "नमस्कार, नमस्कार" म्हणाले आणि स्टूल पुढे केलं. मला वाटलं भांडायला आले. उठून उभा राहिलो.

ते म्हणाले, "बस रे दत्तात्रय. बरण्यांच्या दुकानात बरणी घेऊन आलोय, हसू नकोस."

पिशवीतून आपली बरणी काढली. तुझी. तोंडाला झाकण नाही, पांढरं फडकं बांधलेलं. आत वर एक जाड साय. फडकं सोडलं आणि नाकात सण्णकन गेलं.

शिरका. पक्कं व्हिनेगर. तुझ्या बरणीचा शिरका झालाय, माया.

"त्या दिवशी रात्री मी ओतून टाकणार होतो," तुझे बाबा म्हणाले. "मायाने हात धरला. म्हणाली, बाबा, जीव आहे त्यात, फेकू नका. नुसतं झाकण काढा आणि हवेला ठेवा. दारू राहणार नाही, आपोआप दुसरं काहीतरी होईल. बेळगावहून फोनवर रोज विचारायची, आंबट झालं का, साय धरली का."

अप्पांनी चहा सांगितला. तुझे बाबा चहा पीत पीत बोलत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते.

"तिचा दादा, आमचा सिद्राम, आजाराने गेला असं ती सांगते सगळ्यांना. आजार दारूचा होता. पोरगं वर्कशॉपला लागलं होतं माझ्या मागे, सोन्यासारखं पोरगं. मायानेच शेवटी त्याचं सगळं केलं. तो गेल्यावर मला म्हणाली, बाबा, ज्याने दादाला नेलं ते कसं होतं ते एकदा डोळ्यांनी बघायचंय मला, त्याशिवाय भीती जायची नाही. म्हणून तुमच्या त्या बरण्या. माझ्यापासून लपवलं नव्हतं तिने. मी म्हटलं बघ, पण तोंडाला लावू नकोस. नाही लावलं."

मी म्हटलं, "काका, मला सिद्रामदादाचं माहीत नव्हतं. शपथ."

"माहीत नव्हतं हे मला माहीत आहे. बाटली आणलीस त्याचं काही नाही रे. पोरं चुकतात. तू बाटलीवर नाव लिहून आणलंस." मग म्हणाले, "आमच्या घरातलं एक नाव आधीच बाटलीत गेलंय. चार लोकांत दुसरंही बाटलीवर बघितलं तिने."

तीनदा लिहिली होती मी ती चिठ्ठी. अक्षर चांगलं यावं म्हणून.

अप्पा काहीतरी बोलायला गेले, "पोरगं तापट आहे हो, पण..." आणि तेही 'पण'पाशी थांबले. तुझे बाबा म्हणाले, "कांदा आहे का घरात?"

अप्पा स्वतः आत गेले. आईने कांदा चिरून दिला, आमच्या रोजच्या ताटलीत, आणि पडद्याआडून बघत उभी राहिली. तुझ्या बाबांनी बरणीतला शिरका चमचाभर त्यावर घातला, मीठ टाकलं, आधी स्वतः खाल्लं आणि मग ताटली अप्पांपुढे सरकवली. "हे चालतं आम्हाला. मायासुद्धा खाते. नाताळच्या सुट्टीत आली होती तेव्हा भाकरीबरोबर खाऊन गेली."

नाताळच्या सुट्टीत तू आली होतीस. इथे, हुबळीत. मी त्याच दिवसांत गच्चीवर पुढच्या काढ्यासाठी पाला वाळवत होतो. आणि तू चाखलंस. शेवटी चाखलंस, पण शिरका झाल्यावर.

मी विचारलं, "काका, ती माझ्यावर फार रागावलीय का?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. तुझेच डोळे आहेत त्यांचे. म्हणाले, "नाही रे. रागावली असती तर भांडायला तरी आली असती. तुझी पत्रं वाचली तिने, सगळी. फाडलेलं एकही नाही. म्हणाली, दत्ताला सांगा, माझा राग नाही, वाईटही नाही चाललेलं, बरं चाललंय. आणि म्हणाली, बरणी त्याची आहे, त्याला द्या."

पायरी उतरताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. जड हात आहे, मशीनवरचा. मी पाय धरायला वाकलो तर म्हणाले, "आमच्यात हे नको," आणि मला सरळ उभं केलं.

तर आता दोन्ही बरण्या माझ्यासमोर आहेत. तुझी आंबट, माझी अजून बुडबुडणारी. एकत्र करू असं मी लिहिलं होतं तुला. केलं. तुझ्या बरणीतली साय चमचाभर माझ्या बरणीत सोडली, झाकण काढलं, आईकडून धुतलेलं फडकं मागून वर बांधलं. झाकण पुसून दुकानातल्या फळीवर ठेवलं, त्या मापाचं कुणी मागितलं तर देता येईल. आज बघितलं तर वास अजून गोडच आहे. आंबट व्हायला वेळ लागेल. तुझ्या बरणीलाही लागलाच असेल.

शिरक्याचं परत आसव होत नाही, एवढं मला कॉलेज सोडूनही माहीत आहे. आणि तू म्हणतेस बरं चाललंय. मी त्यावर भांडणार नाही. भांडायला सुचतच नाही काही, हे नवीनच आहे.

सवयीने आज काढा केला मी. काटेमाठ डब्यात भरपूर वाळलेला आहे अजून. मुरवला, गाळला, झाकून ठेवला, पूर्ण गार होऊ दिला. वाटीत ओतला आणि मग आठवलं की आता भरवायचं कुणाला? शिरक्याला खुराक लागत नाही.

मग मीच प्यालो. कडू नाही गं. मला उगाच वाटायचं. कोवळ्या गवतासारखा लागतो, आणि मागून थोडासा मातीसारखा.

दत्ता